वर्दी

गस्तीचं पुस्तक हाताच्या पंजाएवढं असायचं. वर नंबर, आत रकाने: स्टेशन सोडल्याची वेळ, समोरचा गस्तवाला भेटल्याची वेळ, परत आल्याची वेळ आणि शेवटी स्टेशन मास्तरची सही. पावसात भिजू नये म्हणून ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आम्ही शर्टाच्या आत, छातीशी ठेवायचो. लिहायला कॉपिंग पेन्सिल. ओल लागली की तिची अक्षरं जांभळी होतात आणि मग पुसली जात नाहीत. पावसाळ्याचे चार महिने आमच्या बोटांची टोकं जांभळीच असत. जेवताना बायको म्हणायची, हात धुतले का?

मी रेल्वेच्या पी-वेचा, म्हणजे रूळ सांभाळणाऱ्या खात्याचा माणूस. १९८४ साली गँगमन म्हणून लागलो. मेट म्हणजे गँगचा मुकादम, मग मिस्त्री, असं करत निरीक्षक झालो आणि २०२१ मध्ये निवृत्त होऊन इथे भिलाई-३ मध्ये घर केलं. हे गाव रेल्वेचंच. चरोद्याचं यार्ड इतकं जवळ आहे, की रात्री वाघिणी एकमेकींना भिडल्याचे आवाज अंथरुणात ऐकू येतात. इथल्या रेल्वेच्या किलोमीटरचे दगड हावड्यापासून मोजलेले आहेत. नागपूरहून निघालेली बंगाल-नागपूर रेल्वे १८९१ साली आसनसोलला जाऊन मिळाली, आणि त्या रुळांमागोमाग भंडारा-गोंदियाकडची आमच्यासारखी कितीतरी घरं या बाजूला आली. नोकरीभर ज्या रुळांवरून चाललो त्यांतले बहुतेक इथल्याच पोलाद कारखान्यात लाटलेले. रुळाच्या पोटावर कारखान्याचं नाव, महिना-वर्ष आणि वजनाचा आकडा उठावात असतो. बॅटरी तिरपी धरली की तो अंधारातही वाचता येतो.

संपादकांनी मला रुळांच्या देखभालीवर लिहायला सांगितलं होतं. मी लिहितो आहे ते देखभालीबद्दलच आहे, पण त्यातल्या एकाच रकान्याबद्दल. वेळेच्या.

पावसाळ्यातली रात्रगस्त कशी चालते ते आधी सांगितलं पाहिजे, कारण सगळी गोम तिच्या रचनेत आहे. दोन स्टेशनांमध्ये समजा आठ किलोमीटर अंतर आहे. दोन्ही स्टेशनांवरून एकेक गस्तवाला ठरल्या वेळी निघतो. हातात तिरंगी बत्ती आणि बॅटरी, खांद्यावरच्या पिशवीत फटाके. ते रुळाला बांधायचे असतात. इंजिनाचं चाक त्यावरून गेलं की बार होतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. गस्तवाला तासाला तीन किलोमीटरच्या चालीने चालतो. बांध खचला आहे का, मोरीचं पाणी खुणेच्या वर गेलं आहे का, खडी वाहून रूळ लोंबतो आहे का, हे बघत मधल्या दगडापर्यंत येतो. तिथे दोघं भेटतात आणि पुस्तकांची अदलाबदल करतात. माझं पुस्तक तो घेऊन जातो, त्याचं मी. म्हणजे रात्री एका स्टेशनावरून निघालेलं पुस्तक दुसऱ्या स्टेशनावर पोचलं, याचा अर्थ मधले आठही किलोमीटर माणसाच्या डोळ्यांखालून गेले. गस्तवाला ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांतही आला नाही, तर स्टेशन मास्तरने गाड्या थांबवायच्या आणि ड्रायव्हरला कॉशन ऑर्डर देऊन सावकाश सोडायच्या, असा नियम आहे. फार जुना नियम आहे आणि फार शहाणपणाचा.

या रचनेत एकट्याला खोटं बोलता येत नाही. समोरचा आला नाही, तर ते लपवायला माझा हात लागतो. साथीदाराच्या खोट्या वेळेबद्दल नुसतं गप्प बसण्याची सोय गस्तवाल्याला नाही. त्याला गप्प बसायचं तर लिहावं लागतं.

१९८५ च्या पावसाळ्यातली गोष्ट. विभाग इथला नाही, आणि त्याचं नाव मुद्दाम देत नाही. समोरच्या टोकाचा गस्तवाला माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा होता. मी त्याला भाऊ म्हणायचो. रुळाला कान लावून गाडी किती लांब आहे हे कसं ओळखायचं, बूट ओले असताना स्लीपरवर पाय कसा टाकायचा, हे त्यानेच मला शिकवलं. रात्रीत आमच्या दोन फेऱ्या असायच्या. पहिली भेट अकरा वीसला, दुसरी पहाटे तीन वीसला. एका रात्री तीन वीसला तो आलाच नाही. मला वाटलं, साप चावला असेल. हाका मारत मी त्याच्या हद्दीत अर्धा किलोमीटर गेलो, मग परतलो. स्टेशनला उशीर झाला तेव्हा मास्तरांना सांगितलं, पोट बिघडलं होतं. हातात तेच पुस्तक होतं जे मी नेलं होतं. नंबर त्यांनी बघितला नाही. झोपेच्या वेळी नंबर कोण बघतो?

दुसऱ्या रात्री अकरा वीसला त्याने सगळं सांगितलं. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. घरी म्हातारे वडील. त्यांचं भान गेलेलं, पहाटे उठून दार उघडतात आणि क्वार्टरच्या मागे रुळावर जाऊन बसतात. आदल्या रात्री शेजाऱ्याने हात धरून आणलं होतं. म्हणून दुसऱ्या फेरीला स्टेशनवर निघाल्याची सही करून तो घरी जाणार, वडिलांजवळ बसणार आणि परतायच्या वेळी पुन्हा सही करणार. मी फक्त तीन वीसची भेट झाली एवढं लिहायचं. नऊ रात्री मी ते लिहिलं. जांभळ्या अक्षरात, व्यवस्थित.

मी काही भोळेपणाने लिहिलं नाही. रोज त्या दगडावर बसून विचार करायचो. माणूस चांगला होता, अडचण खरी होती, चोरी म्हणावी असं काही नव्हतं. पगार त्याला तसाही त्याच दराने मिळणार होता. माझ्या डोक्यातला हिशेब सगळा त्याच्या तासांचा होता. ते तास कोणाचे बुडतात? रेल्वेचे. रेल्वे एवढी मोठी, दोन तासांनी तिचं काय बिघडणार?

दहाव्या रात्री पाऊस वेगळा होता. माझ्या हद्दीतल्या मोरीचं पाणी खुणेपासून वीतभर खाली होतं, आणि त्याच्या हद्दीत नाल्याकाठचा बांध होता, मातीचा, उंच. तीन वीसला मी दगडावर पोचलो. पिशवीतून पुस्तक काढलं, पेन्सिल ओली केली आणि आकडा लिहिता लिहिता हात थांबला. हे पान कोण वाचणार, ते त्या क्षणी पहिल्यांदा समोर आलं. साहेब नव्हे, पगार काढणारा बाबूही नव्हे. साडेचारची पॅसेंजर घेऊन निघणारा ड्रायव्हर. तो पुस्तक कधी हातातही घेणार नव्हता, पण त्यातल्या आकड्याच्या भरवशावर पूर्ण वेगाने त्या बांधावर जाणार होता. त्याला माझं नाव माहीत नव्हतं. भाऊचे वडील माहीत नव्हते. त्याच्यासाठी तीन वीस या आकड्याचा अर्थ एकच होता: पुढची वाट कोणीतरी बघितलेली आहे.

एक किलोमीटर मागे फाटक होतं. तिथल्या फोनवरून मी मास्तरांना वर्दी दिली. समोरचा आलेला नाही. पुढचे चार किलोमीटर कोणी बघितलेले नाहीत. मास्तर म्हणाले, "उशीर झाला असेल, लिहून टाक, येईल." मी म्हणालो, "साहेब, तो येणार नाही. आणि हे आज पहिल्यांदा नाही."

पॅसेंजर थांबवली. कॉशन ऑर्डर घेऊन ती मुंगीच्या चालीने गेली. बांध शाबूत होता.

हे मी नीट सांगितलं पाहिजे, कारण अशा गोष्टींत वाचणाऱ्याला वाटतं, पुढे काहीतरी घडलं असेल. काही घडलं नाही. बांधावर एक रेघसुद्धा उमटली नव्हती. आणि म्हणूनच पुढचे महिने कठीण गेले. गँगमध्ये सगळे म्हणाले, काय मिळालं? बांध तर उभाच होता. मी एवढंच सांगू शकत होतो, की बांध उभा आहे हे आपल्याला बघितल्यावर कळलं. ते कोणाला पटत नव्हतं. आम्हा दोघांना एस.एफ.-११ मिळालं, म्हणजे किरकोळ शिक्षेची चार्जशीट. त्याची एक वर्षाची वेतनवाढ रोखली, माझी सहा महिन्यांची. नऊ रात्रींचं मी स्वतःच लिहून दिलं होतं. आणि चारच दिवसांत मेटने त्याला दिवसाच्या गँगमध्ये घेतलं, म्हणजे रात्री तो वडिलांजवळ राहू शकला. हे आधीही मागता आलं असतं. मेट वाईट माणूस नव्हता. त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

भाऊ माझ्याशी दोन वर्षं बोलला नाही. बोलला तेव्हा एकच वाक्य बोलला. "वर्दी दिली त्याचं काही नाही रे. पण मले आधी सांगता आलं नसतं का, का आजपासून लिवणार नाही म्हणून?"

या वाक्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आजही नाही. दहाव्या रात्री मी जे केलं ते बरोबर होतं, आणि पहिल्या रात्रीनंतर जे केलं नाही ती माझी चूक. अकरा वीसच्या भेटीत त्याच्या तोंडावर म्हणायला हवं होतं: मी लिहिणार नाही, चल, दोघं मिळून मेटकडे जाऊ. मी त्याला नऊ रात्री सवय लावली आणि दहाव्या रात्री न सांगता हात काढून घेतला.

आपल्या भाषेत या कामाला किती शब्द आहेत बघा. चहाडी, चुगली, कागाळी, लावालावी. सगळे शब्द सांगणाऱ्याला खाली बघायला लावणारे. स्वच्छ शब्द एकच, वर्दी. तो पोलिसांकडून आमच्याकडे आला असावा. आग लागल्याची वर्दी, रूळ तुटल्याची वर्दी. चहाडीत सांगणाऱ्याचा काहीतरी फायदा असतो आणि ती कानात होते. वर्दी मोठ्याने देतात, नाव सांगून देतात, आणि ज्याला धोका आहे त्याच्यासाठी देतात. नोकरीच्या उरलेल्या वर्षांत मी या दोन शब्दांमधलं अंतर मोजत राहिलो.

कामगाराला चहाडखोराचा एवढा तिटकारा का, यालाही कारण आहे. ते विसरलं तर कामगारावर अन्याय होईल. घड्याळ कामगाराच्या बाजूने फार उशिरा आलं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. त्यातल्या मागण्या अशा: रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम. एवढंच! रविवारची सुट्टी मिळायला १८९० चा जून उजाडला. १९०६ च्या जानेवारीत मुंबईवर भारतीय प्रमाणवेळ आली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटं पुढे होती. त्यावरून जेकब ससून गिरणीतले कामगार खवळून उठले, कारण गिरणीचं घड्याळ पुढे सरकलं म्हणजे अंधारात उठून कामावर जावं लागणार होतं. आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा आली ती १९४६ मध्ये, डॉ. आंबेडकर मजूरमंत्री असताना मांडलेल्या दुरुस्तीतून. आमच्या रेल्वेत कोणत्या कामाला किती तास, हे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या १९४७ च्या निवाड्याने बसवलं. सतत डोळ्यात तेल घालून करायचं काम कोणतं, अधूनमधून करायचं कोणतं, अशी प्रतवारी करून त्यांनी तास ठरवून दिले. इंजिन चालवणाऱ्यांना दहा तासांची ड्यूटी मान्य व्हायला १९७३ उजाडलं, आणि त्यानंतरच्या मे महिन्यात देशभराचा संप झाला तेव्हा आमच्या घरात वीस दिवस चूल कशी पेटली ते मला आठवतं. ज्यांच्या आजोबांचे तास मालकाने गिळले, त्यांची नातवंडं तासांबद्दल मालकाला सांगणाऱ्याला सहज माफ करणार नाहीत. मलाही ते मान्य आहे.

म्हणूनच निरीक्षक झाल्यावर मी दोन वह्या वेगळ्या ठेवल्या. कागदावर नाही, मनात. एक हजेरीची. एखादा गँगमन अर्धा तास उशिरा आला, बाजाराच्या दिवशी तासभर आधी सटकला, मेटने खाडा मांडायच्या ऐवजी पूर्ण दिवस मांडला. हे चूकच आहे. पण त्यात बुडतात ते पैसे, आणि शेजारी काम करणाऱ्याच्या पाठीवर थोडं ओझं वाढतं. हे ज्याने त्याने आपसात मिटवावं, मेटने दटावावं, नाहीच ऐकलं तर मी बघेन. अशा गोष्टीसाठी माझ्या कानाशी येणाऱ्याला मी आधी विचारायचो, "त्याच्याशी बोललास का?" बहुतेक जण बोललेले नसत.

दुसरी वही अशा आकड्यांची, ज्यांच्यावर तिसराच कोणी भरवसा ठेवतो. गस्तीची वेळ. चावीवाल्याने, म्हणजे रूळ रोज पायी तपासणाऱ्याने, कोणता जोड कधी बघितला ती वेळ. उन्हाळ्यात रुळाचं तापमान कधी घेतलं ती वेळ. इथे दहा मिनिटांचं खोटंही मी खपवून घेतलं नाही, आणि अशा खोट्याबद्दल सांगायला जो आला त्याला बसायला खुर्ची दिली. जानेवारीच्या पहाटे थंडीने रूळ आकसतो आणि एखादा जुना वेल्ड फुटतो. चावीवाला तिथे खरंच पोचला असेल तर तो ते बघतो. पुस्तकातच पोचला असेल तर पहिली गाडी बघते. कोकण रेल्वेवर २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ गाडी दरडीवर आदळली आणि पन्नासच्या वर माणसं गेली. त्या रात्रीचा दोष कोणाला द्यायचा म्हणून हे लिहीत नाही. डोंगर कधी खाली येईल हे सांगून येत नाही, म्हणून रात्रीच्या पावसात माणूस चालवावा लागतो, एवढंच.

पत्रंही यायची. निनावी. "अमुक माणूस रात्री झोपतो." निनावी अर्जावर कारवाई करायची नाही, असा सरकारी दंडक आहे. तो एका अर्थी योग्य आहे, नाहीतर सूड उगवायला आयता रस्ता मिळेल. पण नाव लिहिण्याची भीती मला कळते. महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार कळवणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांची २००३ साली गयेत हत्या झाली. आपलं नाव गुप्त ठेवा, अशी त्यांनी विनंती केली होती. माहिती देणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ मध्ये केला, पण तो अमलात आणला नाही. अशा देशात गँगमनला शौर्य दाखव म्हणून सांगणं मला जमत नाही. निनावी पत्र आलं की मी पत्र बाजूला ठेवायचो आणि त्या रात्री स्वतः त्या हद्दीत चालत जायचो. झोपलेला माणूस बहुतेक वेळा दमलेला निघायचा. कधी बीट, म्हणजे गस्तीची हद्द, लांब असायची, कधी दोघांच्या जागी एकच माणूस असायचा. मग चार्जशीटआधी मला माझं वेळापत्रक दुरुस्त करावं लागायचं.

पहारेकरी खरंच फिरला का, हे यंत्राकडून काढून घेण्याची खटपट जुनीच आहे. इंग्लंडात जॉन व्हाइटहर्स्ट नावाच्या घड्याळजीने १७५० च्या सुमारास पहारेकऱ्यांसाठी एक घड्याळ केलं होतं. त्याच्या फिरत्या तबकडीवर खुंट्या असायच्या. पहारेकऱ्याने ठरल्या वेळी येऊन खुंटी दाबली तर दाबली. वेळ गेली की ती खुंटी पुन्हा हाताला लागत नसे. आता आमच्या गस्तवाल्यांना जीपीएस दिलं आहे. ऑफिसात बसून पडद्यावर ठिपका चालताना दिसतो. चांगली सोय आहे, संकटात बटण दाबून बोलताही येतं. पण यंत्र पिशवीत असतं, डोळे पिशवीत नसतात. एकाच्या खांद्यावर दोघांची यंत्रं चाललेली मी बघितली आहेत. आणि ते मला ठिपक्यावरून कळलं नाही. तिसऱ्या गस्तवाल्याने सांगितलं, समोर उभं राहून, त्या दोघांच्या देखत.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतला एक मुलगा आला. एका खाजगी कारखान्यात ठेकेदाराकडे लागला आहे. चहा घेतला, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, "काका, माझ्यासोबतचा एक जण मशीनवर चेहरा दाखवून आत येतो आणि मागच्या गेटने निघून जातो. सुटायच्या वेळी परत येऊन चेहरा दाखवतो. त्याचं दुसरीकडे पण काम चालू आहे. सांगावं का?"

मी विचारलं, त्याचं काम तुझ्या अंगावर पडतं का? म्हणाला, पडतं, पण त्याचं काही नाही. त्याच्या घरी कर्ज आहे.

मग विचारलं, तो नसतो त्या तासांत त्याने काय लिहायचं असतं?

"लॉगशीट. दर तासाला प्रेशर घेऊन मांडायचं. तो शेवटी एकदम भरतो."

"आणि ती शीट कोण वाचतं?"

मुलगा कपाकडे बघत राहिला. म्हणाला, "रात्रपाळीवाला. ती बघूनच तो व्हॉल्व उघडतो."

मी त्याला एवढंच सांगितलं, की सांगायचं आहे, आणि आजच सांगायचं आहे, पण आधी त्याला. तोंडावर. मी सुपरवायझरकडे चाललो आहे, तू सोबत ये, असं म्हण. नाही आला तर एकटा जा आणि आपलं नाव घालून सांग. भाऊचं वाक्य त्याला सांगितलं, त्याच्याच भाषेत. तो उठला, चपला घातल्या, फाटकाशी थांबला. म्हणाला, "काका, त्याची पाळी दहाला सुटते. गेटवर गाठतो."

घड्याळात साडेनऊ झाले होते. सायकल काढून तो सिरसा गेटच्या बाजूला गेला.